‘आई येते’ आणि ‘आई, येते’

फळ्यावर मी दोन ओळी लिहिते.

आई येते.
आई, येते.

आणि विचारते, कोण येतंय? पहिल्या ओळीला सगळा वर्ग एका सुरात सांगतो, आई. दुसऱ्या ओळीपाशी जरा चुळबुळ होते. ओठ हलतात, कुणीतरी ते वाक्य पुटपुटून बघतं, आणि मग एखादी मुलगी म्हणते, “बाई, इथे आई नाही येत. इथे मुलगी निघालीये.”

अगदी बरोबर. मुलगी दप्तर पाठीला लावून उंबऱ्यात उभी आहे. घरातून निघताना आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, त्यामुळे क्रियापद दोन्हीकडे तेच बसलं. पहिल्या ओळीत आई घराकडे येतेय, दुसऱ्या ओळीत लेक घराबाहेर पडतेय. शब्द तेच, क्रमही तोच.

स्वल्पविराम शिकवायला मला याहून चांगली सुरुवात सापडलेली नाही. चिन्ह काय काम करतं ते मुलांना आधी दिसतं, त्याचा नियम नंतर येतो. बहुतेक ठिकाणी उलटं घडतं. व्याकरणाच्या पुस्तकात विरामचिन्हांचा तक्ता असतो: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात चिन्ह, तिसऱ्यात ‘केव्हा वापरतात’, चौथ्यात उदाहरण. मुलं तो तक्ता पाठ करतात, ‘योग्य विरामचिन्हे घाला’ या प्रश्नाचे गुण मिळवतात, आणि त्याच उत्तरपत्रिकेतला निबंध मात्र एकाही स्वल्पविरामाविना लिहितात. नाहीतर पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे सगळीकडे भुरभुरतात. तक्ता पाठ आहे, पण हात त्याला ओळखत नाही.

श्वासाचा नियम कुठे कमी पडतो

आपल्या सगळ्यांना शाळेत एक नियम सांगितलेला असतो: वाचताना जिथे थोडं थांबायचं, तिथे स्वल्पविराम. नावातही तेच आहे. सु अधिक अल्प म्हणजे स्वल्प, अगदी थोडा. आणि विराम म्हणजे थांबणं. नियम खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मुलं स्वतःच्या श्वासाने भरून काढतात, आणि मग वहीत असं वाक्य येतं:

माझ्या वर्गातली सगळी मुलं, मैदानावर खेळत होती.

लिहिणाऱ्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, “बाई, तिथे थांबलो.” खरंच थांबलेला असतो. चार-पाच शब्दांचा कर्ता वाचून झाला की थांबावंसं वाटतंच. पण ‘मुलं’ हा कर्ता आणि ‘खेळत होती’ हे त्याचंच क्रियापद. त्या दोघांच्या मध्ये चिन्ह घालून वाचणाऱ्याला काहीच मिळालं नाही. उलट जो मुलगा भरभर वाचतो, त्याला कुठेच थांबावंसं वाटत नाही आणि त्याचं पान सलग वाहत जातं. एकाच नियमाने दोघंही चुकले.

थांबण्याचं एक वेगळं शास्त्र मराठी शाळेत शिकवतात, ते म्हणजे यती. शार्दूलविक्रीडित या वृत्तात प्रत्येक चरणात १९ अक्षरं असतात आणि बाराव्या अक्षरावर यती येते. अर्थ तिथे पुरा झालेला असो वा नसो, चाल तिथे टेकते. यती अक्षरं मोजून येते. स्वल्पविरामाला मात्र शब्दाशब्दांतली नाती बघावी लागतात.

ती नाती बघायला मी मुलांना एकच प्रश्न देते: कोण कोणाचं? जे शब्द एकमेकांचे आहेत, त्यांच्यामध्ये स्वल्पविराम घालायचा नाही. जे नुसते शेजारी आलेत पण एकमेकांचे नाहीत, आणि वाचणारा चुकून त्यांची जोडी लावेल, तिथे घालायचा. ‘आई येते’ या वाक्यात येणं आईचं आहे. ‘आई, येते’ मध्ये येणं आईचं नाही, आईला फक्त हाक मारलीये. या चिन्हाचं इंग्रजी नाव कॉमा, ते ग्रीक भाषेतून आलं आणि तिथे त्याचा अर्थ होता कापलेला तुकडा. आपल्या नावाने थांबणं सांगितलं, त्यांच्या नावाने तुकडा सांगितला. वर्गात मला तुकडाच जास्त उपयोगी पडतो. वाक्याचे तुकडे कुठे पडतात हे कळलं, की थांबायचं कुठे ते वेगळं सांगावं लागत नाही.

फोनवरच्या निरोपांपासून सुरुवात

मोठी वाक्यं नंतर. आधी दोन-तीन शब्दांची घ्यावीत, मुलं एकमेकांना फोनवर पाठवतात तसली.

नको जाऊ उद्या.
नको, जाऊ उद्या.

पहिल्यात उद्या जाऊ नकोस असं बजावलंय. दुसऱ्यात आज नको, आपण उद्या जाऊ, असं ठरतंय. ‘जाऊ’ हे रूप मराठीत दोन कामं करतं. ‘नको’ला चिकटलं की मनाई होते, सुटं राहिलं की ‘आपण जाऊ’ असा अर्थ होतो. चिकटलंय की सुटंय, हे बोलताना आवाजावरून कळतं. लिहिताना आवाज नसतो. असा निरोप स्वल्पविरामाविना गेला, तर एक मैत्रीण उद्या तयार होऊन बसते आणि दुसरी घरीच राहते.

हो बाजूला.
हो, बाजूला.

पहिलं ऐकून माणूस सरकतो. दुसरं ‘दुकान इथंच आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर आहे.

काय झालं?
काय, झालं?

पहिल्यात काळजी आहे. दुसऱ्यात काम उरकलं का, एवढीच चौकशी. आणि ‘नाही आला’ व ‘नाही, आला’ यांत तर सगळी हजेरीच उलटी होते.

या जोड्या मी मुलांना करून दाखवायला लावते. दोघांनी पुढे यायचं, एकाने चिठ्ठी उघडून वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून जे करायचं ते करायचं. ‘हो बाजूला’ म्हटल्यावर सरकायचं, ‘हो, बाजूला’ म्हटल्यावर बोटाने शेजारचं दुकान दाखवायचं. एका तासात वर्गाला कळतं, की हे चिन्ह शोभेचं नाही. मग मुलं अशा जोड्या घरून शोधून आणतात, आणि त्यांनी आणलेल्या जोड्या माझ्या जोड्यांपेक्षा पुष्कळदा चांगल्या असतात.

चिन्ह बाहेरून आलं, वाक्यं आपली होती

थोडा इतिहास इथे लागतो, कारण तो कळल्यावर मुलांच्या अर्ध्या चुका कुठून येतात ते समजतं.

मोडी लिपीतल्या जुन्या कागदांत स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, दोन शब्दांमध्ये जागाही नाही. आधी लांब आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरूने सलग लिहीत जायचं. पोथ्यांत ओवीच्या शेवटी दंड, म्हणजे उभी रेघ असे, तेवढाच आधार. तरी शेकडो वर्षं पत्रं पोचली, हिशेब झाले, हुकूम सुटले. हे चाललं कारण मराठीत शब्दाचं वाक्यातलं काम शब्दालाच चिकटलेलं असतं. ‘आईने बाळाला उचललं’, ‘बाळाला आईने उचललं’, ‘उचललं बाळाला आईने’: कसंही फिरवा, ‘ने’ आणि ‘ला’ आपापली माणसं सोडत नाहीत. क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणजे वाक्य संपल्याची खूणही भाषेतच आहे. शिवाय जे-ते, जेव्हा-तेव्हा, ऐसे, म्हणोन हे शब्द तुकडे जोडून दाखवायचे.

छपाई आली तसं चित्र पालटलं. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघालं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापला जात असे. मराठीत विरामचिन्हं आणून त्यांचे नियम घालून देण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हे त्यांचे सहकारी, पुढे शिक्षणखात्यासाठी मराठी पुस्तकं सिद्ध करणारे, १८७७ साली वारलेले. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, मराठीने इंग्रजीसारखा टिंबाचा पूर्णविराम घेतला, तो याच काळाचा वारसा.

म्हणजे चिन्हं इंग्रजीची, वाक्यं मराठीची. इंग्रजीत प्रत्यय फार थोडे उरलेत, शब्दाची जागाच त्याचं काम ठरवते, त्यामुळे तिथे स्वल्पविरामावर फार भार पडतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूधगाड्यांच्या चालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी खटला केला होता, तो यावरच फिरला. हा मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही, याची यादी कायद्यात होती. यादीचं शेवटचं टोक दोन प्रकारे वाचता येत होतं: ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधणं’ हे एकच काम, किंवा ‘पाठवणीसाठी माल बांधणं’ हे एक काम आणि ‘वितरण’ हे दुसरं. चालक माल पोचवत होते, बांधत नव्हते. इंग्रजीतल्या ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता, २०१७ साली अपील न्यायालयाचा निकाल चालकांच्या बाजूने लागला, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. आता हेच मी मराठीत सांगितलं तेव्हा काय झालं बघा. ‘वितरणासाठी’ म्हटलं की एक अर्थ, ‘वितरण’ म्हटलं की दुसरा. ‘साठी’ने वाद मिटवला, स्वल्पविरामापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

इंग्रजी माध्यमातली मुलं, आणि अलीकडे मराठी माध्यमातलीही, इंग्रजीच्या तासाचा नियम मराठीच्या वहीत आणतात, तेव्हा हे लक्षात ठेवावं. ‘सकाळी, आम्ही निघालो.’ इंग्रजीत आरंभीच्या कालवाचक शब्दांनंतर स्वल्पविराम शिकवतात. मराठीत ‘सकाळी’मधला ‘ई’ हा प्रत्ययच सांगतो, की ही वेळ आहे. चिन्ह नको. ‘माझा मित्र, समीर, आला’ हेही तसंच. आपण ‘माझा मित्र समीर आला’ असं एका दमात म्हणतो आणि तसंच लिहावं. मुलाला ‘हे चूक’ एवढंच सांगू नये. ‘इंग्रजीच्या वहीत बरोबर, इथे गरज नाही, कारण इथे प्रत्यय आहे’ असं सांगावं. मुलं हा फरक चटकन पकडतात, त्यांना तो आवडतोही.

याद्या

याद्या सोप्या, म्हणून थोडक्यात. ‘बाजारातून वांगी, बटाटे, कोथिंबीर आणि आलं आणलं.’ शेवटच्या ‘आणि’च्या आधी मराठीत स्वल्पविराम देत नाहीत. एकच अपवाद मी शिकवते: यादीतल्या एखाद्या वस्तूतच ‘आणि’ असेल तर द्यावा. ‘पंगतीत पोळी, भाजी, वरण आणि भात, आणि ताक’ इथे नाही दिला तर ताक भातात जातं.

विशेषणांच्या बाबतीत मुलं अडखळतात. ‘जुनी लाकडी खुर्ची’ आणि ‘शांत, मोकळं, हवेशीर घर’. पहिल्यात का नाही, दुसऱ्यात का आहे? मध्ये ‘आणि’ घालून बघायचं. ‘शांत आणि मोकळं घर’ कानाला बरं लागतं. ‘जुनी आणि लाकडी खुर्ची’ खटकतं, कारण ‘लाकडी’ हा शब्द खुर्चीला इतका घट्ट बसलाय की ‘लाकडी खुर्ची’ ही एकच वस्तू झाली, आणि ‘जुनी’ त्या सगळ्या वस्तूची. पुन्हा तोच प्रश्न, कोण कोणाचं.

एक बारकावा मात्र आपला खास. डब्यात ‘भाजी, भाकरी, चटणी’ असते, पण शेतावरचा माणूस ‘भाजी-भाकरी’ खातो. पहिली यादी आहे, दुसरी जोडी. आई-वडील, मीठ-मिरची, येणं-जाणं या जोड्यांना संयोगचिन्ह लागतं. तिथे स्वल्पविराम घातला तर घरातली माणसं वेगवेगळ्या रांगांत उभी केल्यासारखी होतात.

खरी कसोटी: ‘ऊन’, ‘त’ आणि ‘लेला’

मराठी वाक्य लांबतं ते बहुतेकदा धातुसाधितांमुळे, म्हणजे क्रियापदाच्या धातूला प्रत्यय लागून झालेल्या शब्दांमुळे. जाऊन, बसून, हसत, रडत, आलेला, ठेवलेली. आणि इथेच स्वल्पविरामाची सगळ्यात जास्त गरज पडते. तक्त्यात मात्र याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

सफरचंद अर्धं खाऊन टाकलं.
सफरचंद अर्धं खाऊन, टाकलं.

पहिल्यात ‘खाऊन टाकलं’ हे मिळून एक क्रियापद आहे, अर्धं सफरचंद पोटात गेलं. दुसऱ्यात दोन क्रिया आहेत: अर्धं खाल्लं, उरलेलं फेकलं. उठून बसणं, घेऊन येणं, लिहून काढणं ही संयुक्त क्रियापदं स्वल्पविरामाने कधी फोडू नयेत. खरोखर वेगळ्या क्रियांची रांग असेल तर मात्र द्यावा: ‘उठून, आवरून, डबा भरून ती निघाली.’ एकच क्रिया असेल तर नको: ‘डबा भरून ती निघाली.’

आता हे वाक्य बघा. यावर मी अख्खा तास घालवते.

आजीने हसत दारात उभ्या असलेल्या नातवाला जवळ घेतलं.

हसतंय कोण? अर्धा वर्ग आजी म्हणतो, अर्धा नातू. दोघंही बरोबर आहेत, चूक वाक्याची आहे. एका मुलाला फळ्यापाशी बोलावून ‘हसत’पासून बाण काढायला सांगायचं. हसणं आजीचं असेल तर बाण मागे ‘आजीने’कडे जातो आणि पुढे उडी मारून ‘जवळ घेतलं’कडे. नातवाचं असेल तर बाण लगेच पुढच्या ‘उभ्या असलेल्या’ला लागतो. बाण काढला, की कापायचं कुठे ते मुलांना आपोआप दिसतं.

आजीने हसत, दारात उभ्या असलेल्या नातवाला जवळ घेतलं.
आजीने, हसत दारात उभ्या असलेल्या नातवाला जवळ घेतलं.

पहिल्यात आजी हसतेय, दुसऱ्यात नातू. दुसऱ्या वाक्यात ‘आजीने’नंतर स्वल्पविराम आलाय, म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये. मघाशी ‘सगळी मुलं’नंतर तो चुकीचा ठरवला होता, इथे चालला. कारण इथे तो नसता तर ‘हसत’ आजीला चिकटण्याची भीती होती. मुलं हा विरोध बरोबर पकडतात आणि विचारतात. विचारावंच. नियम जागेचा नाही, गरजेचा आहे, हे त्यांना याच ठिकाणी उमगतं.

यापुढची पायरी मला स्वल्पविरामापेक्षाही महत्त्वाची वाटते. मी विचारते, चिन्ह न वापरता हे वाक्य स्वच्छ करता येईल? थोड्या वेळात उत्तर येतं: ‘दारात उभ्या असलेल्या नातवाला आजीने हसत जवळ घेतलं.’ शब्द हलवला, शंका संपली. मराठीने ही मोकळीक दिलेली आहे, ती वापरली पाहिजे. जी जोडी लागायला हवी ते शब्द शेजारी आणून ठेवले, तर निम्मे स्वल्पविराम लागतच नाहीत. ‘नवीन शाळेच्या इमारतीचं उद्घाटन’ यात नवीन काय, शाळा की इमारत? ‘शाळेच्या नवीन इमारतीचं’ म्हटलं की झालं. दुकानांवर पाटी असते, ‘शुद्ध गायीचे तूप’. तिथे स्वल्पविराम घालत बसू नये. ‘गायीचे शुद्ध तूप’ लिहावं.

शब्द बघून चिन्ह घालू नये

‘पणच्या आधी स्वल्पविराम द्यायचा’ हे एकदा सांगितलं, की पुढच्या वहीत ‘मी, पण येतो’ असं वाक्य हमखास येतं. ‘तो आला, पण बोलला नाही’ यातला ‘पण’ दोन वाक्यं जोडतो. ‘मी पण येतो’ यातला ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’, तो ‘मी’चाच आहे, त्याला तोडायचं नाही. ‘की’चंही तसंच. ‘चहा की कॉफी?’ इथे चिन्ह नको.

‘तो म्हणाला की’ या प्रकारात छापील मराठीत दोन्ही रीती दिसतात, कुणी ‘की’च्या आधी स्वल्पविराम देतात, कुणी नंतर. मी ‘की’च्या आधी देते. ‘की’ पुढचं वाक्य उघडतो, तो पुढच्या तुकड्याचा आहे, म्हणून काप त्याच्या आधी. ‘बाईंनी सांगितलं, की उद्या सहलीचे पैसे आणायचे.’ वाक्य छोटं असेल तर देतही नाही: ‘मला वाटलं की तू येशील.’ एका वर्गाने एक रीत धरावी आणि ती पाळावी, एवढं पुरे. जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जर-तर यांत दोन तुकड्यांच्या सांध्यावर द्यावा: ‘जेव्हा पाऊस थांबेल, तेव्हा निघू.’ पण ‘आलास तर भेटू’ हे तीन शब्द आहेत, त्यांना मोकळं सोडावं.

कुणाचं बोलणं जसंच्या तसं देताना ‘म्हणाली’नंतर स्वल्पविराम आणि मग अवतरणचिन्ह. हे मुलं पटकन शिकतात. ‘प्रिय आजोबा,’ हा पत्राचा मायना, पाकिटावरच्या पत्त्यातल्या ओळी, आणि १२,३४,५६७ असे आकडे, ज्यांत उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंक तोडायचे, हेही तसंच सरावाचं काम आहे.

वाक्यांची आगगाडी

सहलीचा निबंध सगळ्यांनी वाचलेला असतो:

आम्ही सकाळी लवकर उठलो, बस आली, सर्व मुले बसमध्ये बसली, बाईंनी हजेरी घेतली, मग गाडी सुटली, गाणी म्हटली, किल्ल्यावर पोहोचलो, पाणी प्यायलो, तटबंदी पाहिली, खूप मजा आली.

इथे स्वल्पविराम पूर्णविरामाचं काम करतोय. मात्र ‘दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडू नयेत’ हा इंग्रजीचा नियम इथे लावू नये. मराठीत असं जोडणं मुळातच चूक नाही. ‘ढग आले, वारा सुटला, पत्रे वाजले, आंबे पडले.’ हे वाक्य मी कधीच लाल करणार नाही. चारही तुकडे आखूड आहेत, एकाच घटकेचे आहेत, एकामागोमाग धावताहेत. आगगाडीची अडचण वेगळी आहे. तिच्यात पहाट, बस आणि किल्ला असे तीन प्रसंग एकाच दोरीला बांधलेत.

म्हणून मी मुलांना विचारते, फोटो काढायचा झाला तर किती काढाल? उठण्याचा एक, बस सुटण्याचा एक, वाटेतला एक, किल्ल्यावरचा एक. जितके फोटो तितके पूर्णविराम, आणि एका फोटोत जे मावतं त्यात स्वल्पविराम:

आम्ही सकाळी लवकर उठलो. बस आली, सगळी मुलं चढली, बाईंनी हजेरी घेतली आणि गाडी सुटली. वाटेत गाणी म्हटली. किल्ल्यावर पोचल्यावर आधी पाणी प्यायलो, मग तटबंदी पाहिली.

‘खूप मजा आली’ याचा फोटो निघत नाही, हे मुलंच सांगतात. मग कशाने आली ते लिहितात.

वह्या तपासताना

वहीत लाल शाईने स्वल्पविराम घालणं मी सोडून दिलं आहे. मी घातलेला स्वल्पविराम माझा असतो, मुलाचा होत नाही. ज्या ओळीत अडखळले तिच्या समासात फक्त ‘कोण कोणाचं?’ लिहिते. मुलाने ती ओळ शेजारच्याला मोठ्याने वाचायला द्यायची. शेजारचा जिथे मागे वळून पुन्हा वाचतो, दुखणं तिथेच असतं.

आठवड्यातून एकदा छापील उतारा चिन्हं काढून फळ्यावर लिहिते आणि मुलांना चिन्हं परत भरायला लावते. मग मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं. काही ठिकाणी सगळ्यांचं जुळतं: हाक, यादी, थेट बोलणं, आणि जिथे अर्थ फिरतो ती जागा. काही ठिकाणी जुळत नाही, आणि तिथे दोन्ही बरोबर असू शकतात. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ आणि ‘पाऊस आला, म्हणून थांबलो’ यांत दुसरीकडे कारणावर जरा जास्त जोर येतो, एवढंच. हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. काही स्वल्पविराम लागतातच आणि काही लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतात, हे कळल्यावर मुलं घाबरून चिन्हं पेरणं थांबवतात.

अक्षराकडेही लक्ष द्यावं लागतं. लहान मुलं स्वल्पविराम अक्षराच्या दांडीला चिकटवून काढतात, आणि देवनागरीत तसा चिकटलेला स्वल्पविराम थेट उकार दिसतो. शब्द संपला की बोटाच्या पेराएवढी नव्हे, केसाएवढी जागा सोडायची, चिन्ह ओळीवरून खाली उतरवायचं, आणि पुढच्या शब्दाआधी एका अक्षराची जागा ठेवायची. संवादलेखनात एका मुलाने आजीच्या तोंडी वाक्य घातलं होतं. मी ते वर्गात ‘बाळु इकडे ये’ असं वाचलं. तो उठून टेबलापाशी आला, वहीत बोट ठेवून म्हणाला, “बाई, बाळू नाही. बाळ, इकडे ये.” आणि खोडरबर घेऊन त्याने ते चिन्ह ‘ळ’पासून सुटं केलं.